पडावा म्हणून बांधलेला अडथळा

ज्या शहराचे नावच लष्कर, तेथे घोड्याविषयी लिहायला कोणाची परवानगी नको. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली दक्षिणेच्या अंगाला पडला आणि मग तो हललाच नाही. तंबूंच्या जागी वाडे झाले, आणि छावणी, कंपू, हुजरात हे फौजेच्या बोलीतले शब्द आपल्या पत्त्यांत कायमचे येऊन बसले. ज्यांचे पूर्वज पागेवर कारकून होते किंवा स्वतःच शिलेदार होते अशी घरे या पानाच्या वाचकांत आजही पुष्कळ आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात एखादी रिकीब टांगलेली असते, कोपऱ्यात भाला असतो, आणि बोलण्यात ‘आमच्या दारी सात घोडी होती’ हे वाक्य हमखास येते. घोडा मात्र कोठे दिसत नाही.

तो कोठे गेला हे सर्वांस ठाऊक आहे. संस्थाने विलीन झाली तसे संस्थानी रिसालेही भारतीय सैन्यात गेले. १९५३ साली ग्वाल्हेर लॅन्सर्ससह निरनिराळ्या संस्थानांचे उरलेसुरले घोडदळ एकत्र करून एक नवी रेजिमेंट उभारण्यात आली. तीच ६१ वी कॅव्हलरी, आणि तिचे नाव पुढे जयपूरशी जोडले गेले. आपल्या वाट्याला वरातीतला घोडा राहिला. अशा या शहराच्या कडेला एका निवृत्त दफेदारांनी चार घोड्यांवर आणि डझनभर मुलांवर एक लहानसे मैदान चालू ठेवले आहे. प्रस्तुत लेखकाचा धंदा गाणे शिकवण्याचा. पण कन्येच्या हट्टापायी दर रविवारी सकाळी तेथे जाऊन बसावे लागते, आणि बसल्या बसल्या रंधा मारण्याचे काम गळ्यात पडले. उड्यांचे तयार सामान, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे खांब, रंगीत दांडे आणि त्यांच्या वाट्या, बाहेरून मागवायचे म्हटले तर एका अडथळ्याच्या किमतीत त्या चार घोड्यांची कित्येक आठवड्यांची चंदी निघते. तेव्हा सामान घरीच करायचे ठरले. तीन हंगाम ते वापरून झाले आहे. इतर गावांतूनही अशी हौशी मैदाने असतील, आणि त्यांनाही हाच प्रश्न पडत असेल, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे. आपण घरात जे जे सुताराकडून करून घेतो, ते पलंग असो की फळी, ते हलू नये म्हणून करतो. घोड्याचा अडथळा याच्या नेमका उलट असतो. तो पडला पाहिजे. घोड्याचा खूर दांड्याला लागला की दांडा निमूटपणे खाली यावा, एवढ्यासाठीच सगळी कारागिरी. घरगुती सामान करणारे येथेच फसतात, आणि तेही चांगल्या हेतूने. मजबूत करायला जातात.

एका शाळेच्या संमेलनात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. दांडा सारखा पडतो, सारखा उचलावा लागतो, प्रेक्षक कंटाळतात, म्हणून कोणा उत्साही गृहस्थाने तो खांबाला तारेने आवळला. उंची फार नव्हती, जेमतेम अडीच फूट. घोडीचे पुढचे दोन्ही पाय दांड्याला अडले. दांडा सुटला असता तर ती दोन पावले अडखळून सावरली असती. तो सुटला नाही. पाय जागच्या जागी अडकले आणि मागून येणारे सुमारे चारशे किलोंचे धूड त्या पायांवरून पुढे कोलमडले. मुलाच्या गळ्याजवळचे हाड मोडले, ते काही आठवड्यांत सांधले. घोडीला दिसण्याजोगी इजा नव्हती. पण पुढे वर्षभर ती दांडा पाहिला की दहा हातांवर थांबे आणि थरथरे. ज्या तारेमुळे हे झाले ती चार आण्यांचीही नसेल.

आता दांडा. लांबी दहा ते बारा फूट आणि जाडी साडेतीन-चार इंच असावी. आपल्याकडे बांधकामावर पालखाडासाठी निलगिरीच्या बल्ल्या लावतात, त्या या कामाला उत्तम. (पालखाडाला येथे कोणी पालखाड म्हणत नाही, पाड म्हणतात; पण पुण्याचे पाहुणे हे पान वाचतात असे ऐकतो.) वखारीत जाऊन दोन्ही टोकांची जाडी सारखी असलेली सरळ बल्ली निवडावी. ती ओली असेल तर सावलीत, खाली ठोकळे देऊन महिना-दीड महिना वाळवावी, नाहीतर ती धनुष्यासारखी वाकते. मग साल पूर्ण काढायची, गाठी रंध्याने सपाट करायच्या आणि काचकागद मारायचा. असा दांडा बारा-पंधरा किलोंच्या आसपास भरतो. हे वजन महत्त्वाचे. लागला तर घोड्याला जाणवेल इतका तो जड हवा, आणि लागताच पडेल इतका मोकळा.

बांबू का नको, असे प्रत्येकजण विचारतो. मांडववाल्यांकडे तो ढिगाने पडलेला असतो, फुकटही मिळतो. एक तर तो हलका. दोन-चारदा पायाने उडवल्यावर घोडा त्याला मोजेनासा होतो आणि पाय उचलायचा आळस करतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बांबू मोडतो तेव्हा त्याच्या कामट्या होतात, आणि त्या कामट्या सुरीसारख्या धारदार असतात. घोड्याच्या पोटाखाली असली वस्तू नको. नळाच्या पातळ प्लास्टिक पाइपाचेही तेच: आपल्याकडच्या उन्हात दोन उन्हाळे काढले की तो ठिसूळ होतो आणि फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात. लोखंडी पाइपाविषयी तर लिहायलाही नको. तो मोडत नाही, मग मोडतो तो पाय.

खांबाचे काम दफेदारसाहेबांनी दाखवले तसेच आम्ही केले. पाच फूट उंचीचा, चार इंची चौरस खांब. सागवानाची चैन नको, वखारीत पडलेले कोणतेही वाळके, सरळ लाकूड चालते. खाली चार पाय लावायचे, प्रत्येकी पंधरा इंचांचे. ते खांबाच्या चार बाजूंना असे जोडायचे की वरून पाहिले तर भिंगरीसारखे दिसावेत. त्यामुळे खांब उभा राहतो, पण जोराचा धक्का लागला तर आडवाही होतो. जोडणीला खिळे वापरू नयेत. खिळा लाकूड सुकले की वर येतो आणि त्याचे डोके कोठे कोणाला लागेल सांगता येत नाही. पेच वापरावेत आणि त्यांचे डोके लाकडात बुडवावे. खड्डा खणून खांब पुरण्याचा मोह अनेकांना होतो, कारण पायांचे लाकूड वाचते. पण पुरलेला खांब म्हणजे पुन्हा तारच.

खांबाला एका फुटापासून वर दर तीन इंचांवर अर्ध्या इंचाचे भोक पाडायचे. दोन्ही खांबांवरची भोके एका पातळीत यायला हवीत. त्यासाठी आधी एका फळीवर मापे घेऊन साचा करावा आणि सगळे खांब त्याच साच्याने भोकावेत. आमच्या सुताराने पहिली जोडी अंदाजाने केली, आणि दांडा तंबोऱ्याच्या उतरलेल्या तारेसारखा एका बाजूला झुकलेला दिसे. ती जोडी आता मुलांच्या सायकली टेकवायच्या कामी आली आहे.

सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे वाटी, जिच्यात दांड्याचे टोक बसते. ही लोहाराकडून करून घेता येते: दोन इंच रुंदीची जाड पट्टी, तिला उथळ कमान, मागे भोकात जाणारी पिन. उथळ हा शब्द लोहाराला तीनदा सांगावा लागतो, कारण खोल वाटी त्याच्या मते चांगली वाटी. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत वाटीची खोली १८ ते ३० मिलिमीटर इतकीच दिली आहे, म्हणजे इंचभर. आम्ही २० वर ठेवली. कमान दांड्याच्या गोलाईपेक्षा पसरट असावी, म्हणजे दांडा वाटीत अडकून न राहता घरंगळेल. कडा कानशीने मारून गुळगुळीत कराव्यात. वाटी तयार झाली की दांडा ठेवून आठ-दहा वर्षांच्या मुलाला तळहाताने ढकलायला सांगावे. त्याच्याने पडला तर वाटी पास. आणि ज्या वाटीत दांडा नाही ती खांबावर ठेवू नये. रिकामी वाटी घोड्याच्या छातीच्या उंचीवर आकड्यासारखी उभी राहते.

येथेच खर्चाचा एक हिशेब करायला हवा. एका पातळीतला उभा अडथळा घरच्या सामानावर निर्धास्त करावा. पण एकामागे एक दोन दांडे ठेवून रुंद उडी घ्यायची असेल, तर मागचा दांडा फार फसवा असतो. घोडा त्यावर वरून उतरतो, त्यामुळे दांडा पुढे ढकलला जाण्याऐवजी खाली दाबला जातो आणि साध्या वाटीत घट्ट बसतो. यासाठी भार पडताच निखळणाऱ्या खास वाट्या मिळतात, आणि स्पर्धांत रुंद अडथळ्याच्या मागच्या दांड्याला त्या सक्तीच्या आहेत. लोहाराला त्या जमत नाहीत. बाकी सर्वत्र वाचवलेल्या पैशांतून अशी एक जोडी विकत घ्यावी; ती घेईपर्यंत रुंद उडी घेऊ नये. डोक्यावरच्या शिरस्त्राणाचेही तसेच. ते कोणाचे उतरलेले, एकदा आपटलेले घेऊ नये.

दांडे आणि खांब झाले की अडथळ्याखाली भरायला काहीतरी लागते, कारण नुसता अधांतरी दांडा घोड्याला नीट दिसत नाही. दोनशे लिटरची निळी प्लास्टिकची पिंपे भंगारात मिळतात. तीन पिंपे आडवी ठेवली की जवळजवळ नऊ फुटांची रांग होते. त्यांत पूर्वी काय होते याची चौकशी करावी, रसायनाची घेऊच नयेत. पिंपे लोळू नयेत म्हणून दोन्ही अंगांना वाळूची पोती लावावीत. येथे ग्वाल्हेरकरांस एक सूचना. आपल्याकडे दगड मुबलक. जिथे टेकू हवा तिथे आपला हात फर्शीच्या तुकड्याकडे जातो. मैदानात दगडाचा एकही तुकडा नको. पडलेल्या घोड्याच्या गुडघ्याखाली काय येईल हे आधी ठरलेले नसते. जुन्या टायरांची माळ, फळांचे प्लास्टिकचे क्रेट, हेही मला पसंत नाही, कारण खूर आत जाऊ शकतो. दफेदारसाहेबांना टायर चालतात. आमचा याबाबत मतभेद आहे.

अडथळ्याच्या पायथ्याशी, उडी घेण्याच्या बाजूला, वीतभर पुढे एक दांडा जमिनीवर टाकावा. घोडा खालची रेघ पाहून उडीची जागा ठरवतो. हाच दांडा चुकून अडथळ्याच्या मागच्या बाजूला गेला तर घोड्याचा अंदाज चुकतो आणि तो फार जवळ येऊन उडतो. म्हणून एकाच अडथळ्यावरून उलटसुलट दोन्हीकडून उड्या घ्यायच्या असतील, तर दोन्ही बाजूंना दांडा हवा.

रंगाच्या बाबतीत आपली हौस आणि घोड्याची नजर यांचे जमत नाही. गेरू आणि हिरवा रंग आपल्याला देखणा वाटतो, शिवाय स्वस्त. पण घोड्याच्या डोळ्याला निळा आणि पिवळा एवढेच रंग वेगळे कळतात. तांबडा आणि हिरवा यांत तो फारसा भेद करू शकत नाही. गवताळ मैदानावर गेरूचा दांडा त्याच्या दृष्टीने विरून जातो. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींत वर्षानुवर्षे नारिंगी रंग होता. तेथे या अभ्यासानंतर २०२२ पासून तो बदलून पांढरा करण्यास सुरुवात झाली. तेव्हा पांढऱ्यावर निळे किंवा पिवळे पट्टे द्यावेत. चुना स्वस्त खरा, पण पहिल्या पावसात उतरतो. घोडे लाकूड कुरतडतात, म्हणून घरात पडलेला जुना, शिसे असलेला रंग मात्र मुळीच लावू नये.

हे सगळे सामानाचे झाले. उड्यांच्या शिक्षणातला सर्वांत मोठा भाग फुकट आहे, आणि तो म्हणजे दोन दांड्यांमधले अंतर. ते नुसत्या टेपने मोजायचे. माझ्यासारख्याला त्या मैदानावर बसवते ते याच कारणाने.

घोड्याच्या चाली कानाने ऐकाव्यात. साध्या चालीत चार टापा चार वेळा पडतात. दुडकीत कर्णावरचे दोन पाय एकदम पडतात, म्हणजे सरळ दोन मात्रा. कॅन्टर नावाची जी मंद दौड, तिच्यात तीन टापा ऐकू येतात आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. तीन मात्रा आणि चौथी खाली. उडी म्हणजे ही खालीच लांबवलेली असते. मुलाला हे एकदा ऐकू येऊ लागले की तो अडथळ्याकडे धावत सुटत नाही. गाण्याच्या वर्गातही समेवर यायच्या घाईने लय वाढवणारी मुले असतातच. त्यांना मी हातावर ताल धरायला लावतो. येथे ताल धरण्याचे काम जमिनीवर टाकलेले दांडे करतात.

दुडकीसाठी चार दांडे जमिनीवर सारख्या अंतराने टाकावेत. मोठ्या घोड्याला हे अंतर साधारण साडेचार फूट, तट्टाला चार. पण पुस्तकी आकड्यावर जाऊ नये. आपले मारवाडी, काठेवाडी घोडे अंगाने लहान असतात आणि पाऊलही आखूड टाकतात. सकाळी मैदानावर पाणी मारून घोडा सरळ रेषेत दुडकीने न्यावा आणि उमटलेल्या खुणा मोजाव्यात. पुढच्या डाव्या पायाच्या एका खुणेपासून त्याच पायाच्या पुढच्या खुणेपर्यंतचे अंतर घ्यायचे आणि निम्मे करायचे. तेच त्या घोड्याचे दांड्यांमधले अंतर. चार घोड्यांची चार मापे आम्ही पागेच्या दारावर खडूने लिहून ठेवली आहेत.

दौडीचा हिशेब वेगळा. स्पर्धेतल्या मोठ्या घोड्याची एक ढांग बारा फूट धरतात. उतरायला सहा फूट आणि उडायला सहा फूट. म्हणून दोन अडथळ्यांमध्ये एक ढांग हवी असेल तर २४ फूट, दोन ढांगा हव्या असतील तर ३६. ठेंगण्या अडथळ्यांवर, लहान घोड्याला, सावकाश चालीत एका ढांगेसाठी १८ ते २१ फूट पुरे होतात. हे माप दोन-तीन फुटांनी चुकले तर घोडा एक तर लांबून झेप टाकतो, नाहीतर अर्धी ढांग कोंबतो. दोन्हींत मुलाचा तोल जातो आणि दोष घोड्याला मिळतो. हजारोंचे सामान आणून अंतर चुकवणारी मैदाने मी पाहिली आहेत.

जमिनीपासून थोडे उंच केलेले हे दांडे इटालियन घोडदळाच्या शाळेतून जगभर गेले. त्याच घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या अधिकाऱ्याने उडीच्या वेळी स्वाराने मागे न रेलता पुढे झुकावे आणि घोड्याची मान मोकळी सोडावी ही पद्धत रूढ केली. आज जगात सर्वत्र तशीच उडी घेतात. त्या दांड्यांना इटालियनमध्ये कावालेत्ती म्हणतात, म्हणजे लहान घोडे. आपल्याकडे सुताराच्या तिवईलाही घोडीच म्हणतात, आणि तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात तीही घोडीच. करायला ती अगदी सोपी: तीन इंची चौरस लाकडाचे अडीच फुटांचे दोन तुकडे फुलीसारखे जोडायचे, अशा दोन फुल्यांवर एक दांडा पक्का करायचा. फुली उलटवली की उंची बदलते. पण दांडा येथे पक्का असतो हे विसरू नये. घोडी फार तर गुडघ्याच्या उंचीपर्यंत वापरावी आणि एकीवर एक रचून उंच अडथळा कधीही करू नये. ती कोसळताना घोड्याच्या पायांत लोळत जाते.

जाता जाता जुन्या घरांना एक विनंती. आम्ही सामान करतो आहोत हे कळल्यावर दोन वाड्यांतून माळ्यावरची खोगिरे आली. देणाऱ्यांचे मन मोठे, पण चामड्याला वय असते. पन्नास-साठ वर्षे तेलाविना पडलेला तंग किंवा रिकिबीचा पट्टा वरून धडधाकट दिसतो आणि पहिल्या उडीला शिवणीपाशी तुटतो. खोगीर भिंतीवरच राहू द्यावे. त्यातल्या लोखंडी रिकिबी मात्र तडा नसेल, आणि बूट सहज निघण्याइतक्या रुंद असतील, तर नवे पट्टे घालून वापरता येतात. आमच्या मैदानावर एक जोडी अशी आहे. ती कोणाच्या पणजोबांची हे सांगायची परवानगी मिळालेली नाही.

सुरुवात करणाऱ्याने आठ दांडे, खांबांच्या तीन जोड्या, सहा वाट्या आणि तीन पिंपे एवढ्यावर सुरू करावे. मे महिन्यात आपली जमीन विटेसारखी तापते आणि कडक होते. तेव्हा उड्या बंद ठेवून लाकूडकाम करावे. पावसाळ्यात दांडे जमिनीवर पडू देऊ नयेत, वाळवी लागते. विटांवर, पत्र्याखाली, एकमेकांत बोटभर फट ठेवून रचावेत, आणि दसऱ्यानंतर बाहेर काढताना प्रत्येकावरून उघडा हात फिरवून कूस वर आली आहे का ते पाहावे.